मेलेल्या कोपऱ्यातला आकडा

"तात्या, ह्यांना पोलीस घेऊन चाललेत. तुम्ही या, आत्ताच्या आत्ता!"

फोनवर बारीकची बायको होती. बारीक हा तात्यांच्या हाताखाली तयार झालेला पोरगा. तरुणपणीच्या काडीसारख्या अंगावरून पडलेलं नाव, आता पोट सुटलं तरी सुटत नव्हतं. गाडीच्या इंजिनाचा कॉम्प्युटर उघडायचा, त्यातले आकडे बदलून गाडीची चाल सुधारायची, हा त्याचा धंदा. दोन वर्षांपूर्वी तात्यांनी आपलं गॅरेजच त्याच्या हवाली केलं होतं.

तात्यांनी पायात चपला सरकवल्या आणि पत्र्याची पेटी उचलली. झाकणावर पांढऱ्या रंगात ६१७. पहिल्या कारखान्यातला त्यांचा बिल्ला नंबर. ही पेटी घेतल्याशिवाय ते कुठल्याही कामावर गेले नव्हते. 

गॅरेजात इन्स्पेक्टर बारीकच्या लॅपटॉपसमोर उभा होता. बारीक स्टुलावर, मान खाली. बायको दाराशी पदराचं टोक पिळत होती. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे बारीकचा मेहुणा, पाना घेऊन एकच नट उगाच घट्ट करत बसला होता.

"गोष्ट सरळ आहे," इन्स्पेक्टर म्हणाला. "सोमवारी ह्यानं गाडीत नवीन फाइल भरली. बुधवारी चढावर ओव्हरटेक करताना टर्बो फुटला, गाडीचा जोर गेला, समोरून ट्रक. गाडीवाला अजून शुद्धीवर नाही. गाडीत सापडलेली फाइल आमच्या तज्ज्ञाने काढली. इंजिन तापलं की जोर आपोआप कमी करणारा बंदोबस्तच तिच्यात बंद केलेला. आणि तीच फाइल ह्या लॅपटॉपवर!"

"तुझी आहे?" तात्यांनी विचारलं.

"नाही."

"मग कुणाची?"

बारीकनं एकदाच वर पाहिलं, थेट तात्यांच्या डोळ्यांत, आणि पुन्हा मान खाली घातली. "मला नाही माहीत."

"हे असं चाललंय सकाळपासून," इन्स्पेक्टर वैतागला. "बोलत काही नाही, नुसता मख्खासारखा बसलाय."

तात्यांनी लॅपटॉप पुढे ओढला. आधी यंत्राची नोंदवही उघडली. गाडीत फाइल भरली की वेळ आणि बॅटरीचा दाब तिथे आपोआप लिहिला जातो. त्या गाडीच्या नावावर नोंदी दोन होत्या. सोमवार, सकाळ, दाब तेरा पूर्णांक चार व्होल्ट. मंगळवार, दुपारी एक वाजून दहा, दाब अकरा पूर्णांक नऊ.

"मंगळवारी दुपारी कुठे होतास?"

"पार्ट आणायला गेलो होतो."

"दुकानदाराला आठवत नाही," इन्स्पेक्टर म्हणाला.

"दुकानदाराचं जाऊ द्या, हा आकडा बघा. अकरा पूर्णांक नऊ म्हणजे बॅटरीला चार्जर लावलेला नव्हता. फाइल भरताना बॅटरी बसली तर गाडीचा कॉम्प्युटर कायमचा मरतो. ह्यानं एकदा तसा मारलाय. तेव्हापासून चार्जर लावल्याशिवाय हा लॅपटॉपला बोट लावत नाही."

"अहो, हे घरी मोबाइलसुद्धा चार्जरला लावल्याशिवाय अपडेट करत नाहीत!" बायको दारातून बोलली. बोलून झाल्यावर तिलाच रडू फुटलं.

मग तात्यांनी फाइल उघडली. पडद्यावर आकड्यांचा तक्ता आला.

"आमच्या धंद्यात एक खोड आहे, साहेब. हे इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या वर जातच नाही. म्हणजे तक्त्याचा हा वरचा कोपरा मेलेला. तिथे काहीही लिहा, गाडीला फरक पडत नाही. म्हणून बनवणारा तिथे आपली खूण टाकतो. बारीकची खूण सत्तावीस, त्याच्या लग्नाची तारीख."

"मग इथे सत्तावीस आहे?"

तात्या तक्त्यात सरकत सरकत त्या कोपऱ्यात पोचले. त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. 

"नाही," ते म्हणाले.

"दुसरा आकडा आहे?"

"सांगतो. आधी ह्याच्याशी बोलू दे." ते मेहुण्याकडे वळले. "काय रे, फाइल भरताना चार्जर कुठल्या टोकाला लावतात?"

"चार्जर?" तो गोंधळला. "चार्जर कशाला लागतो, तात्या? तुम्ही कधी..."

त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"मी कधी शिकवलं नाही, हेच ना?" तात्या म्हणाले. "साहेब, दर रविवारी हा माझ्या घरी शिकायला यायचा. टेबलावर. आकडे शिकवले, तक्ते शिकवले, पण गाडीपाशी एकदाही उभा केला नाही. म्हणून चार्जर राहिला. तक्ता येतो आणि चार्जर ठाऊक नाही, असा माणूस ह्या गॅरेजात एकच."

"तू?" बहीण पुढे आली. "अरे, बोल ना!"

"ताई, तो गाडीवाला परत आला होता," मेहुणा रडायलाच लागला. "गाडी अजून पळत नाही म्हणाला. दाजी मला कधी लॅपटॉपला हात लावू देत नाहीत. म्हटलं, एकदा करून दाखवावं. मला काय माहीत असं होईल!"

तिनं हात उगारला, मग तोच हात स्वतःच्या तोंडावर दाबला.

इन्स्पेक्टरनं वही मिटली. "म्हणजे फाइल ह्यानं बनवली."

बारीक पहिल्यांदाच घाईनं बोलला. "हो, त्यानंच बनवली असेल. तात्या, चला, झालं आता."

तात्यांना सगळं कळलं. बारीकनं तो आकडा सकाळीच वाचला होता आणि तोंडाला कुलूप लावून बसला होता. आत्ताही तात्या नुसते गप्प राहिले तरी काम भागत होतं. मेलेला कोपरा वाचणारी माणसं खोलीत दोनच; बारीक बोलणार नव्हता, आणि मेहुणाही मान वर करत नव्हता.

"का नाही सांगितलंस रे?"

"तुमचं नाव कसं घेऊ, तात्या?"

तात्यांनी पेटी उचलून लॅपटॉपशेजारी ठेवली. झाकणावर ६१७. पडद्यावरच्या कोपऱ्यात ६१७.

"अशाच इंजिनाच्या शर्यतीच्या गाडीसाठी बनवली होती मी ही. एका दिवसापुरती. मीच सगळे बंदोबस्त काढले. हा बारीक किती वेळा म्हणाला, पुसून टाका. माझा जीव झाला नाही. माझी सगळ्यात वेगवान फाइल! महिन्यापूर्वी ह्याच्या मेहुण्यानं नुसतं कौतुक केलं, आणि मी फुशारून त्याला देऊन टाकली. ती रस्त्यावर चालवायची नसते, हे सांगायचंसुद्धा सुचलं नाही. वाहवा ऐकत बसलो होतो."

इन्स्पेक्टरनं पेटीवरचा आकडा पडद्याशी ताडून पाहिला. "तुम्ही बोलला नसता तर मला हे कळलंच नसतं."

"मला कळलं होतं ना."

बारीकच्या बायकोनं तात्यांकडे पाहिलं नाही. नवरा सुटला होता, भाऊ अडकला होता, आणि दोन्ही तिनंच बोलावलेल्या माणसाच्या हातून झालं होतं. ती भावाजवळ जाऊन बसली.

"साहेब, स्टेशनला येतो मी," तात्या म्हणाले. "पण वाटेत आधी हॉस्पिटलात थांबू या. त्या गाडीवाल्याची आई बाहेर बसलेली असेल. तिला मीच सांगतो."

त्यांनी पेटी तिथेच ठेवली आणि रिकाम्या हातांनी बाहेर पडले.