टांगलेला प्रश्न

टेंभुर्णीच्या विहाराला लागून पत्र्याची एक खोली आहे. गावातली पोरं तिला अभ्यासिका म्हणतात, आणि म्हणायला हरकत नाही, कारण तिथे एक फळा आहे, एक पंखा आहे आणि मोबाइलला रेंज नाही. फेब्रुवारी लागला की पत्रा तापतो, पंखा गरम वारा फिरवत राहतो आणि शेजारच्या खळ्यावरचा हरभऱ्याचा भुसा थेट नाकात येतो. तरी बारावी सायन्सची तिघं रोज दुपारी तीनला तिथे हजर असायची. आकांक्षा, पायल आणि सोमेश्वर. दिवाळीपर्यंत ती चौघं होती.

चौथी प्रियदर्शनी. खोलीची किल्ली तिच्या आईकडे, बेबीनंदाबाईंकडे असे, म्हणून ती सगळ्यांच्या आधी येऊन फळा पुसून ठेवायची. केमिस्ट्रीची उजळणी करायची रीतही तिनेच घालून दिली होती. एकाने दुसऱ्याला प्रश्न विचारायचा. उत्तर बरोबर आलं की फळ्यावर त्याच्या नावाखाली खडूची एक रेघ, आणि पुढचा प्रश्न त्याने हव्या त्याला विचारायचा. उत्तर आलं नाही तर प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात टांगायचा. विचारणाऱ्याने तो लिहायचा, उत्तर देणाऱ्याने पुसायचा. आणि सगळ्यात कडक नियम हा की प्रश्न टांगलेला असेपर्यंत विचारणाऱ्याने फेरी सोडून जायचं नाही.

फळ्याच्या कोपऱ्यात दिवाळीच्या आधीपासून एक प्रश्न टांगलेला होता. अक्षर प्रियदर्शनीचं, जरा उजवीकडे कललेलं. ‘आकांक्षा: फर्स्ट ऑर्डर रिअ‍ॅक्शन पूर्ण संपायला किती वेळ?’

उत्तर आकांक्षाला पाठ होतं. पण त्या दिवशी ती फुगून बसली होती. प्रियदर्शनीने तिचं प्रॅक्टिकलचं जर्नल तिला न विचारता पायलला उतरवायला दिलं होतं. एवढंच. आकांक्षाचा राग म्हणजे कायम नाकाच्या शेंड्यावर. प्रश्न आला तसं तिने दप्तर उचललं आणि म्हणाली, “उद्या सांगते.”

संध्याकाळी प्रियदर्शनीला ताप भरला. तिला जालन्याला दवाखान्यात नेलं, तरी आकांक्षा गेली नाही. आधी तिने फोन करावा, मग मी जाईन, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं. नवव्या दिवशी फोन आला तो सोमेश्वरचा, प्रियदर्शनी गेली हे सांगायला.

त्यानंतर फळा रोज पुसला जाई, कोपरा तेवढा कुणी पुसत नसे. नियम नियम असतो.

गोष्ट पहिल्यांदा पायलच्या लक्षात आली. हेन्रीचा नियम सांगून तिने रेघ ओढली आणि ती पुढचा प्रश्न शोधत होती, तेवढ्यात आकांक्षा वहीतून डोकं न काढता म्हणाली, “उद्या सांगते.”

“काय उद्या?” पायलने विचारलं. “मी अजून विचारलंच न्हाई तुला.”

“विचारलं की. आक्की म्हणून हाक मारली.”

बोलता बोलता आकांक्षा थांबली. तिला आक्की म्हणणारं माणूस एकच होतं.

“झोप होत न्हाई तुझी,” सोमेश्वर म्हणाला. तो पुढे इंजिनिअर होणार होता आणि आतापासूनच सगळ्याला कारण शोधून ठेवायचा. “डोकं त्येच त्येच करून राह्यलंय. बाकी काय न्हाई.”

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. साडेतीनच्या सुमाराला बोलण्यात एक खंड पडायचा, एका प्रश्नाला लागतो तेवढाच. पंखा तेवढा ऐकू यायचा. मग फक्त आकांक्षाला आक्की ही हाक आणि टांगलेल्या प्रश्नाचे शब्द ऐकू यायचे, अगदी कानाशी, जराशा घाईत विचारल्यासारखे. बाकीच्या दोघांना काही ऐकू येत नव्हतं, पण त्या वेळी ती दोघंही बोलायची थांबत, आणि का थांबलो हे त्यांना सांगता येत नसे.

“कावळा बसायला अन् फांदी मोडायला,” असं सोमेश्वर एकदा म्हणाला. पुन्हा म्हणाला नाही.

बेबीनंदाबाई हल्ली दुपारी पायरीवर येऊन बसायच्या. ज्वारी निवडायला घ्यायच्या, पण सूप मांडीवर तसंच राहायचं. एका दुपारी सगळे निघाले तेव्हा त्यांनी आकांक्षाचा हात धरला. दवाखान्यात का आली नाहीस, हे त्यांनी अजून एकदाही विचारलं नव्हतं.

“आतून चौघांचा आवाज येतो गं,” त्या हळूच म्हणाल्या. “रोज मोजून राह्यले मी. तुला काय विचारते ती?”

आकांक्षाने सांगितलं. प्रश्नही सांगितला आणि नियमही.

“मंग उत्तर दिलं की जाईल?”

“तसंच ठरलंय मावशी.”

“तुला येतं उत्तर?”

“येतं.”

बेबीनंदाबाईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. “नको देऊ,” त्या म्हणाल्या. “तुझ्या पाया पडते बाई. परीक्षा हुईपर्यंत तरी नको देऊ.”

पाया पडायची गरजच नव्हती. आकांक्षाला तरी कुठे द्यायचं होतं? रोज साडेतीनची ती वाट बघायची. सकाळपासून बघायची. आक्की ही हाक ऐकली की तिला बरं वाटायचं. तिला एकच विचारायचं होतं, तू रागावून गेलीस का माझ्यावर. पण विचारायचा हक्क उत्तर देणाऱ्याचा, आणि उत्तर दिलं की ऐकायला ती थांबणार नाही. म्हणून ती रोज, जमेल तेवढ्या मायेनं, म्हणायची, “उद्या सांगते.”

केमिस्ट्रीचा पेपर जाफराबादला होता. प्रियदर्शनीचा फॉर्म आधीच भरलेला, त्यामुळे तिचा नंबरही आला होता, आकांक्षाच्या पुढचाच. रिकाम्या बाकावर तो खडूने लिहिलेला होता. सुपरवायझर मॅडमनी यादीत खूण केली आणि त्या पुढे गेल्या.

अकरा वाजता पेपर हातात पडला. आकांक्षाचा हात सुटला तो सुटलाच. महिनाभर फेऱ्या मारून मारून उत्तरं जिभेवर नाही, बोटांत येऊन बसली होती. पहिलं पान झालं. दुसरं झालं. तिसऱ्या पानाच्या मध्यावर तिने एक ओळ लिहिली, खाली रेघ मारली आणि मग ती ओळ वाचली.

‘कधीच पूर्ण संपत नाही. दर वेळी उरलेल्यातलं निम्मं जातं, निम्मं उरतं.’

तिने प्रश्नपत्रिका पाहिली. प्रश्न तोच होता. एका मार्काचा.

तिने ओळ खोडली. एकदा, दोनदा, कागद फाटेस्तोवर खोडली. समोरच्या बाकावर काही हललं नाही. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या बाकावरचा नंबर अर्धा पुसला गेला होता. सकाळी तो ठळक होता, एवढं तिला पक्कं आठवत होतं.

एसटीतून उतरून ती घरी गेली नाही.

बेबीनंदाबाई पायरीवर बसल्या होत्या. कुलूप लावलेलं होतं, किल्ली त्यांच्या कमरेला.

“कालपासून उघडलं न्हाई,” त्या म्हणाल्या. मग तिच्याकडे नीट पाहून म्हणाल्या, “अकरापासून बसलेय मी हितं. आधी आत कुनीतरी गुणगुणल्यावानी वाटत व्हतं. मंग बंद झालं.” त्यांचा आवाज बारीक झाला. “सांगितलंस का गं तिला?”

आकांक्षाने किल्ली मागून घेतली.

आत खडूचा वास होता, ताजा.

कोपरा पुसलेला होता. स्वच्छ, ओल्या फडक्याने पुसावा तसा. आणि आकांक्षाच्या नावाखाली एक रेघ जास्त होती. जरा उजवीकडे कललेली.

ती आपल्या जागेवर बसली. समोर प्रियदर्शनीची जागा. पंखा बंद होता. पत्रा तडतडत होता. उत्तर दिलं होतं, म्हणजे पाळी तिची होती.

घड्याळात साडेतीन झाले.

“प्रियू,” ती म्हणाली. “रागावून गेलीस का माझ्यावर?”

खळ्यावरचं मळणीचं मशीन थांबलं.

मग कानाशी, अगदी जवळ, कुणीतरी दप्तर उचलल्याचा आवाज झाला.

“उद्या सांगते.”

बेबीनंदाबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले. त्या हसत होत्या.

“मंग उद्या जल्दी ये,” त्या म्हणाल्या. “आता कुलूप लावतच न्हाई मी.”