निळी वायर

भरदुपारचं भूत म्हटलं की तुम्ही हासता. हासा, हासा. कवडूही असाच हासे.

सक्करदऱ्यात तलावाच्या मागं त्याचं गाड्यांत बाजा, म्हंजे टेप-स्पीकर, बसवाचं दुकान. मे महिन्याचं ऊन, रस्त्यावर कुत्रंही नाही. कवडू पंख्याखाली टरबूज खाऊन राह्यला होता, तं गोपाळरावची पांढरी गाडी दारात येऊन थांबली. टरबुजाची फाक तोंडातच राह्यली. त्या गाडीत बाजा त्यानंच बसवून देल्ला होता, गोपाळरावच्या पोराले, प्रीतमले.

गोपाळराव उतरून म्हणे, "गाडी विकाले काढली गा कवडू. पण हा बाजा बंदच होत नाही. चाबी काढली तरी डिक्कीतला लाल दिवा जळतेच."

काहून जळते, ते कवडूले पक्कं माहीत होतं. डिक्कीतल्या ॲम्पले, त्या लाल दिव्याच्या आवाज वाढवाच्या डब्याले, एक निळी वायर असते. ती टेपाले जोडाची, म्हणजे टेप बंद तं ॲम्पही बंद. प्रीतमच्या टेपाची ती वायर मुळातूनच तुटकी निघाली. चाबी काढली की बंद व्हावं म्हणून चाबीवरून लाइन घ्याची तं डॅशबोर्ड खोला लागते, घंटाभराचं काम. आमच्या कवडूशेठनं वायर सरळ बॅटरीले बांधली आन् म्हणे, "काही होत नाही बाबू, रोज गाडी फिरवत जाय."

ॲम्प दिवसरात बॅटरी पीत राह्यला. आठव्या दिवशी भरदुपारी सावनेरच्या रस्त्यावर थांबवलेली गाडी पुन्हा चालूच झाली नाही. प्रीतम एकटाच मागून ढकलत होता. कोळशाच्या ट्रकनं पाह्यलंच नाही...

बाप अजून बॅटरीवाल्याले शिव्या देते.

"पाच मिनिटं, काका," म्हणून कवडू डिक्कीत घुसला. दुरुस्ती कसली, लपवालपवीच ती. पकडीनं निळी वायर तोडली, खिशात कोंबली.

दिवा जळतच होता.

मंग त्यानं बॅटरीच काढली. उचलून दुकानातल्या स्टुलावर नेऊन ठेवली. परत येऊन पाह्यते, तं दिवा जळतच. डिक्कीतून घामाचा आन् कोळशाचा वास आला. स्पीकरमधून बारीक आवाज निघाला. गाणं नाही, बोलणं नाही. "हुं... हुं..." कोणी छाती फुटेस्तोर जोर लावते, तसं. हँडब्रेक वढलेला होता, तरी गाडी बोटभर पुढं सरकली.

"ऐकलं?" गोपाळराव हळूच बोलला. "रोज याच टाइमले येते. मले वाटते, पोरगं काही सांगून राह्यलं... तूच सांग न गा. कोणाची चूक होती?"

कवडूचा हात खिशातल्या वायरवर गेला. खरं बोलाले तेवढाच टाइम होता. तो म्हणे,

"बॅटरीच खराब होती, काका."

स्पीकर चुप झाला.

गोपाळराव चिडला नाही, रडला नाही. गाडीत जाऊन बसला. चाबी लावलीच नाही. हँडब्रेक खाली केला.

"काका, बॅटरी तं इथंच..."

गाडी हलली. समोर चढ होता. गोपाळरावनं आरशात मागं पाह्यलं आन् लेकराले बोलते तसा बोलला, "दम लाव बाबू... घरीच जाऊ."

मागं कोणी नव्हतं. लखलखत्या उन्हात, बंद इंजनाची गाडी चढ चढत गेली. मधात एक डाव थांबली, माणूस थकून दम घ्याले थांबते तशी... आन् मंग पुन्हा चालू लागली.