लाल दिवा विझल्यावर

पहिल्या दिवशी ते आले आणि थेट माझ्याच खुर्चीत बसले.

"अहो, वक्त्यांची खोली काचेच्या पलीकडे," मी म्हटलं.

"असं होय? इतकी बटणं पाहून मला वाटलं, सरकार इथूनच चालतं."

रेडिओ केंद्रात मी ध्वनिमुद्रण करायचे. ते इतिहासकार – राज्य, साहित्य आणि माणसाचा स्वभाव यांवर दर आठवड्याला एक अशी सहा भाषणं द्यायला आलेले. लाल दिवा लागला की बोलायचं, विझला की थांबायचं, एवढंच मी त्यांना समजावलं.

दिवा लागला. "राजा जिंकला की कर वाढायचा, हरला तरी वाढायचा. प्रजेची प्रार्थना एवढीच, की लढाई लांब कुठेतरी व्हावी."

काचेआड मी ओठ दाबून हसले.

दिवा विझला. कागद आवरता आवरता ते पुटपुटले, "हसली... हसली! पण नाव विचारलंस का, म्हणून घरी गेल्यावर ताई धारेवर धरेल. तिला काय सांगू?"

दिवा विझला म्हणजे माइकही बंद, असा त्यांचा समज. दिवा फक्त टेपचा होता हो! माइक चालूच असायचा, आणि माझ्या कानांवर हेडफोन. सांगायला हवं होतं... पण इतकं गोड ऐकू येत असताना कोण सांगेल?

एकदा दरबारी कवींवर बोलले. "इतकं खोटं, आणि एकही वृत्त चुकलेलं नाही. मला तर आदरच वाटतो!" मग दिवा विझल्यावर, हळूच – "आज चष्मा नाही. डोळे केवढे आहेत..."

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम चष्मा पर्समध्येच ठेवला आणि चुकीचं बटण दाबलं. अख्खं भाषण पुन्हा करावं लागलं. ते केवढे खूश!

सहावं भाषण संपलं. आता त्यांना इथे यायला काही कारणच उरणार नव्हतं. दिवा विझला, तरी ते बसून राहिले.

"विचार की, गाढवा. राजांच्या वंशावळी तोंडपाठ, आणि 'माझ्याशी लग्न कराल का' एवढं म्हणता येईना... नाही म्हणाली तर? जाऊ दे."

ते उठले. हात दाराच्या मुठीवर गेला.

माझ्यासमोर एक बटण होतं, वक्त्यांना 'कागद वाजवू नका' असं सांगायचं. मी ते दाबलं.

"नाही म्हणणार नाही. विचारा."

ते जागीच थिजले. दिव्याकडे पाहिलं, माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे. कान लालबुंद.

"म्हणजे... पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"ताईचंही?"

"त्यांना नमस्कार सांगा माझा."

आता आम्ही दोघंही पिकलो. त्यांना कमी ऐकू येतं, पण पुटपुटणं तसंच. रोज सकाळी चहा गाळताना म्हणतात, "बरं झालं बाई, बटण दाबलंस ते."

त्यांना वाटतं, पलीकडच्या खोलीत मला ऐकू येत नाही.

मी अजून सांगितलेलं नाही.