खुणांनी सांगितलेला आरोप

न्यायालयाच्या व्हरांड्यात तो आरोपींच्या बाकावर बसला होता, म्हणून मी सरळ विचारलं, "तुमचा गुन्हा काय?"

"अजून कुणी सांगितला नाही," तो म्हणाला आणि हसला... असा, की मला उगाचच फाइल उघडावी लागली.

तो आरोपी नव्हता, दुभाष्या होता. माझा अशील त्याच्या शेजारी बसला होता — जन्मापासून ऐकू न येणारा एक सुतार. पोलिसानं थांबायला सांगूनही चौकातून हातगाडी पुढे नेली, एवढाच आरोप. मी ज्यांच्या हाताखाली नुकतीच वकिली शिकत होते, त्या साहेबांनी बजावलं होतं, अशिलाला कबूल करायला लाव, किरकोळ दंड होईल, सुटेल. सुताराचं तोंड मात्र एवढंसं झालं होतं. आपण नेमकं काय केलं, हेच त्याला कळलं नव्हतं.

पुकारा झाला. मॅजिस्ट्रेटबाई आरोपाचं एकेक वाक्य वाचून थांबायच्या, आणि दुभाष्याचे हात बोलायला लागायचे. बोटांचा चौक झाला, गाडी झाली, उभ्या तळहाताचा पोलीस झाला. एरवी गजबजलेली ती खोली चिडीचूप. एवढ्याशा आरोपासाठी अख्खं न्यायालय एका माणसाला समजेपर्यंत थांबलं होतं. कायद्याची पुस्तकं वाचून मला हे कधी दिसलं नव्हतं.

"वारंवार शिट्टी वाजवूनही आरोपी थांबला नाही," बाईंनी वाचलं.

सुतारानं हात उचलून काही विचारलं.

"पोलीस पाठीमागे उभा होता का, असं ते विचारतायत," दुभाष्या म्हणाला.

पोलिसानं मान खाली घालून होकार दिला. गुन्हा कबूल आहे का, असं बाईंनी विचारल्यावर सुतारानं ठामपणे नकारार्थी मान हलवली, आणि साहेबांचं सांगणं बाजूला ठेवून मीही नाही म्हटलं. सरकारी वकिलांनी खटला मागे घ्यायची परवानगी मागितली. बाईंनी ती लगेच दिली.

बाहेर आल्यावर मी दुभाष्याला सांगितलं, त्याच्या हातांकडे बघताना टिपणं घ्यायची राहून गेली.

"दिसलं मला," तो म्हणाला. "माझे हात कामात होते... डोळे नव्हते."

मग न्यायालय सुटलं की मी त्याच्याकडे खुणा शिकू लागले. माझी बोटं चुकायची, तो ती धरून नीट करायचा — आणि गरजेपेक्षा जरा उशिरा सोडायचा.

एकदा त्यानं मला घरी नेलं. त्याच्या आईलाही ऐकू येत नव्हतं. ही भाषा तिचीच. तिनं मला निरखलं आणि भरभर काही विचारलं. तो लाल झाला.

"काय म्हणतायत?"

"विचारतेय, ही कायमची येणार का. मी म्हटलं, अजून... मी तिला विचारलंच नाही."

"मग विचारा की."

त्याचे हात नुसतेच अर्धवट वर आले. मी आईकडे वळले आणि माझ्या अडखळत्या हातांनी सांगितलं — येणार.

आईनं पुढे होऊन माझी वाकडी पडलेली करंगळी सरळ केली, आणि मग हात सोडलाच नाही.