सतरावी ओळ

बालवाडीतल्या खुर्च्या चार वर्षांच्या मुलांच्या मापाच्या असतात, हे तिला ठाऊक होतं. पण घाईत लक्षात कुठे राहतं! पहिल्याच दिवशी उशीर झाला, ती कोपऱ्यातल्या पिवळ्या खुर्चीत धपकन बसली… आणि उठायला गेली, तर खुर्चीही सोबत उठली. मुलं खिदळली. समोरच्या कोपऱ्यात कागद घेऊन बसलेल्या चष्मेवाल्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

मधल्या सुट्टीत तिनेच त्याला गाठलं.

“मनातल्या मनात हसत होतात ना?”

“खोलीत निरीक्षकाने हसायचं नाही, नियम आहे. नंतर व्हरांड्यात जाऊन हसलो. पोटभर.”

तो जुना निरीक्षक, ती नवी. मुलं आपापली खेळताना काय करतात, याचा अभ्यास चालला होता. दोघांनी दोन कोपऱ्यांतून एकाच मुलावर वीस मिनिटं नजर ठेवायची आणि दर अर्ध्या मिनिटाला, एकमेकांशी न बोलता, एक ओळ लिहायची. मग दोघांच्या चाळीस चाळीस ओळी ताडून बघायच्या. शुक्रवारच्या चाचणीत निदान बत्तीस जुळल्या तर ती या अभ्यासात राहणार, नाहीतर हा अभ्यास चालवणाऱ्या मॅडम तिला घरी पाठवणार. आणि हे काम तिला फार मनापासून हवं होतं.

सोमवारी जुळल्या सतरा.

“‘रुसली’ म्हणजे काय?” त्याने तिच्या कागदावर पेन्सिल टेकवली.

“रुसली म्हणजे रुसली! तोंड बघितलं नाहीत तिचं?”

“ओठ बाहेर काढले, पाठ फिरवली. दिसलं तेवढंच लिहायचं. अर्थ नंतर.”

“तुम्हाला मन नावाची वस्तू आहे का हो?”

“आहे. पण या कागदावर तिला जागा नाही… चिडलात?”

“चिडले हे दिसतं का? भुवया चढल्या, एवढंच लिहा!”

तेव्हा मात्र तो खळखळून हसला, आणि त्याच्या उजव्या गालाला खळी पडली. तिने ती कुठेच नोंदवली नाही. ‘आमच्या बाईसाहेबांच्या पोटात काही राहत नाही,’ असं आई नेहमी म्हणायची. पण ही खळी मात्र आठवडाभर पोटात राहिली.

मंगळवारी चोवीस जुळल्या. गुरुवारी तीस.

शुक्रवारी निळ्या स्वेटरची एक चिमुरडी ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. सोळा ओळी झकास गेल्या. मग कागदावरून तिने सहज मान वर केली, तर समोरच्या कोपऱ्यातून तो तिच्याकडेच बघत होता! खळीसकट! नियम सांगणारा हाच ना तो? ती गडबडली, घड्याळाचा काटा पुढे गेला आणि सतरावी ओळ कोरी राहिली.

‘मनोरा रचते’ असं लिहून टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं? चिमुरडी आधीही रचत होती, नंतरही रचतच होती. तिने पेन्सिल टेकवली… आणि उचलली. जे पाहिलंच नाही, ते लिहायचं कसं?

मॅडमनी कागद ताडून पाहिले. जुळल्या एकतीस. एक कमी!

“सतरावी ओळ दोघांचीही कोरी,” मॅडम म्हणाल्या. “दोघांना एकदमच डुलकी लागली का?”

तो छताकडे बघू लागला, ती चपलांकडे.

“दोघांनी अंदाजाने भरली असती तर बत्तीस झाल्या असत्या. नाही भरलीत, हे मला आवडलं. सोमवारी पुन्हा चाचणी. पण या महाशयांबरोबर नाही, माझ्याबरोबर. तुम्हा दोघांना एका खोलीत बसवलं तर मुलांकडे बघणार कोण?”

सोमवारी मॅडमबरोबर तिच्या छत्तीस ओळी जुळल्या. ती धावतच बाहेर आली. तो पायरीवर वाट बघत बसला होता.

“छत्तीस!”

“मला वाटलंच होतं.”

“वाटलं? तुम्हाला?”

तो चष्मा पुसू लागला. “शुक्रवारची… सतरावी ओळ भरायची राहिलीय.”

“आत्ता?”

“पद्धतीप्रमाणे. पाठमोरं बसून. न बोलता.”

दोघं पाठीला पाठ लावून बसले. त्याची पेन्सिल क्षणभर खरखरली आणि थांबली. मग त्यांनी कागद बदलले.

तिने लिहिलं होतं: ‘मान वर केली. तो बघत होता. उजव्या गालाला खळी. कान लाल.’

त्याने लिहिलं होतं: ‘ती मला आवडते. पहिल्या दिवसापासून. खुर्चीसकट.’

“यात दिसलेलं काय आहे?” ती हसू दाबत म्हणाली. “सगळा अर्थच लिहिलाय!”

“एकही शब्द जुळत नाही…” त्याचा आवाज पडला. “म्हणजे नापास.”

तिने त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्याच्या ओळीखाली सावकाश लिहिलं: ‘मलाही तो आवडतो.’

“आता मोजा पुन्हा,” ती म्हणाली.