खोट्या तळाचं माप

"हे बिस्किट आहे की पायपुसणं?" थोरलीने ट्रे तिरपा करून सगळ्यांना दाखवला. चांदण्या म्हणून भट्टीत गेलेल्या बिस्किटांचा बाहेर येईपर्यंत एकच तेलकट थर झाला होता.

सगळे हसले. खरं सांगायचं तर पोरंही हसली, आणि सगळ्यात मोठ्याने पिन हसली. पिन ही सगळ्यांत धाकटी आणि नावाप्रमाणेच टोचणारी. तिची मोठी बहीण चष्मिस मात्र गालातल्या गालात हसली, कारण आपण शहाण्या आहोत हे तिला सतत लक्षात ठेवावं लागे. दोघी नाताळच्या सुट्टीत आजोबांकडे आल्या होत्या. आजोबांची बेकरी होती, आणि बेकरीत त्यांच्या दोन सुना राबत. मुलींच्या या दोघी माम्या, थोरली आणि धाकटी. थोरलीचा मुलगा ढब्बू या दोघींच्या टोळीत तिसरा.

या घराची एक रीत होती. नाताळच्या आदल्या दिवशी दोघी सुनांनी आपापली बिस्किटं भाजायची, ट्रेखाली नावाची चिठ्ठी ठेवायची, गिऱ्हाइकांनी चाखायची, आणि जिची सरस ठरतील तिच्याकडे वर्षभर भट्टी. दुसरीने ट्रे घासायचे. कृती लपवायची नाही, ती सगळ्यांसमोर बोलून सांगायची, असाही नियम होता. थोरली आपली कृती दरवर्षी अगदी उदारपणे सांगे. धाकटी ती तंतोतंत पाळे आणि दरवर्षी तिचं पायपुसणं होई. सोड्याच्या गरम पाण्यात ट्रे घासून घासून तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या.

"आज नुसता सराव होता. उद्या स्पर्धेतही असंच झालं ना," आजोबा म्हणाले, "तर धाकटे, तू भट्टीचं नाव काढायचं नाहीस. कायमचं. मोरीच बरी तुला."

धाकटीला भट्टी मनापासून हवी होती. ट्रे घासताना ती मनातल्या मनात नवी बिस्किटं रचायची, हे पोरांना माहीत होतं, कारण ती कधीकधी ओठांनी पुटपुटायची.

थोरलीने मैद्याचं पत्र्याचं माप उचललं. "आण, मी धुऊन ठेवते," असं म्हणून ती कोठीत गेली. ढब्बू वाटेत उभा होता. "सर की रे, गोणी! तुला जन्म देण्यापेक्षा मैद्याचं पोतं आणलं असतं तर निदान विकलं तरी गेलं असतं."

काउंटरवरची गिऱ्हाइकंसुद्धा हसली. ढब्बूचे कान लाल झाले.

दुपारी बेकरी बंद झाल्यावर तिघं मागच्या पायरीवर बसली होती. पिन एकदम म्हणाली, "मोठी मामी स्वतःचा चहाचा कप उचलते का गं?"

"छे! हाक मारून दुसऱ्याला उचलायला लावते," चष्मिस म्हणाली.

"मग माप का धुते?"

चष्मिसने चष्मा वर सरकवला. प्रश्न आपल्याला सुचला नाही याचं तिला वाईट वाटलं, पण तिघं उठून कोठीत गेली. माप खिळ्याला टांगलेलं होतं. पिनने कपाटाचा खालचा खण ओढला. जुन्या एप्रनांखाली दुसरं माप होतं, तसंच, त्याच उंचीचं, त्याच कानाचं.

"दोन आहेत, त्यात काय?" ढब्बू म्हणाला. खणातल्या मापाच्या तळाशी साखर चिकटली होती. त्याने सवयीने बोट घातलं आणि चाटलं. मग खिळ्यावरच्या मापात घातलं. "अरेच्चा. यात बोट जास्त खोल जातंय."

चष्मिसने खिळ्यावरचं माप पाण्याने भरलं आणि खणातल्यात ओतलं. पाणी काठावरून वाहून तिच्या चपलांवर सांडलं. तिने आत नखाने टकटक केलं. खणातल्या मापाला आत, तळाच्या बराच वर, दुसरा पत्रा डाकून बसवला होता.

"खोटं माप!" पिन म्हणाली.

"पण सगळंच त्या मापाने कमी घेतलं तर प्रमाण तेच राहील की," ढब्बू म्हणाला. गणितात तो ढ नव्हता, तसं समजायची सगळ्यांना सवय होती एवढंच.

"सगळं कुठे? लोणी अख्खी वडी पडते, अंडी अख्खी पडतात. मापाने जातो तो मैदा नि साखर," चष्मिस सावकाश म्हणाली. "मैदा कमी आणि लोणी तेवढंच. मग ते पसरणारच. मोठी मामी आधी खऱ्या मापाने आपलं पीठ करते. मग माप धुवायला म्हणून इथे येते आणि धाकट्या मामीसाठी खोटं टांगते."

मग ढब्बू हळूच म्हणाला, "आजोबांना नका सांगू. ती माझी आई आहे."

"सांगून कोण ऐकणार?" पिन म्हणाली. "त्यापेक्षा उद्या सकाळी अदलाबदल करू. खोटं खिळ्याला, खरं खणात. पण आम्ही कोठीत दिसलो तर तिला संशय येईल. तुझा नाही येणार. गोणीकडे कोण बघतं?"

ते ऐकून ढब्बूचं तोंड वाकडं झालं. त्याने ओलं बोट शर्टाला पुसलं. "करीन," तो म्हणाला.

सकाळी बेकरी गिऱ्हाइकांनी भरली होती. थोरलीने सगळ्यांना ऐकू जाईल अशी कृती सांगितली: दोन वड्या लोणी, चार मापं मैदा, दोन मापं साखर, अंडी, चिमूटभर दालचिनी. बोलता बोलता ती मापं भरत होती, मापाकडे न बघता. "माझ्या हाताला सवय आहे हो," ती एका बाईला म्हणाली. मळायला तिने धाकटीला लावलं, कारण अंगठ्या काढायचा तिला कंटाळा.

धाकटीने दोन हात मारले आणि ती थांबली. "ताई, पीठ सैल वाटतंय. मूठभर मैदा घालू?"

"तू मला शिकवणार? पायपुसणंवाली!"

पुन्हा हशा. धाकटीने मुकाट्याने चांदण्या कापल्या. थोरली माप "धुवायला" कोठीत गेली आणि दुसरं घेऊन आली. त्यानंतर धाकटीने आपलं पीठ केलं. मळताना ती मध्येच पुन्हा थांबली, पण या वेळी काही म्हणाली नाही.

दोन्ही ट्रे बाहेर आले. एकावर चांदण्या होत्या, टोकदार आणि खरपूस. दुसऱ्यावर तेलकट थर.

"धाकटीचं नेहमीचंच," असं म्हणत आजोबांनी ट्रेखालची चिठ्ठी उलटली आणि भुवया वर केल्या. चिठ्ठीवर थोरलीचं नाव होतं.

थोरली पांढरीफटक पडली. तिने धाकटीच्या टेबलावरचं माप झडप घालून उचललं, आत बोट घातलं आणि ओरडली, "माझं माप हिच्याकडे कसं आलं?"

आपण काय बोलून बसलो हे तिला कळलं, पण तीर सुटला होता. चष्मिसने कोठीतल्या खणातलं माप आणून दोन्ही मापं काउंटरवर ठेवली. एक मैद्याने भरून तिने दुसऱ्यात ओतलं. मैदा उतू गेला आणि काउंटरवर ढीग झाला. समजावून सांगायची गरज पडली नाही. ज्या बायका धाकटीला हसत होत्या त्याच आता थोरलीला हसू लागल्या, तितक्याच मजेने.

आजोबांनी खोटं माप हातात घेऊन कुरवाळलं. "बऱ्याच दिवसांनी हातात आलास रे. हे माझंच. सुटा मैदा विकायचो तेव्हा मीच तळ डाकवला होता. पहिल्याच नाताळला ओळखलं मी याला."

"मग तुम्ही बोलला का नाही?" चष्मिसने विचारलं.

"कशाला बोलू? मोठीनं डोकं लावून भट्टी राखली. धाकटीला कधी कळतंय ते बघत होतो. जरा गंमत असते घरात." त्यांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! तुम्ही माझी नातवंडं शोभता खरी." आणि प्रत्येकाच्या हातात त्यांनी एकेक चांदणी ठेवली.

धाकटीने हे सगळं ऐकलं. तिने एप्रनला हात पुसले आणि तेलकट ट्रे उचलून मोरीत ठेवला. "कोपरे नीट घासा, ताई," ती म्हणाली. "कोपऱ्यात लोणी राहतं." हे वाक्य तिने किती वेळा ऐकलं होतं ते तिलाच ठाऊक. पिन खिदळली. धाकटीही हसली, आणि ते हसू थोरलीच्या हसण्यासारखंच होतं.

थोरलीने अंगठ्या काढून कोनाड्यात ठेवल्या आणि सोड्याच्या पाण्यात हात घातला. जरा वेळाने तिच्या शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं.

"मापं कोणी बदलली?" तिने वर न बघता विचारलं.

"मी," ढब्बू म्हणाला. "तू मला गोणी म्हणालीस. सगळ्यांसमोर."

तिने ट्रे विसळला आणि त्याच्यापुढे धरला. ढब्बूने फडकं घेतलं आणि तो कोपरे पुसू लागला. चांदणी त्याने खाल्ली नव्हती. खिशात तिचा भुगा झाला होता.