बमरोलीच्या टाकीचं कुलूप

मंगलाबाई जिना चढून वर आल्या तेव्हा श्रीरंगमामा पंख्याखाली कैरीची फोड चोखत बसले होते. नवागाममधल्या या एका खोलीच्या दारावर ‘धनश्री माळी, खासगी तपास’ अशी पाटी होती. बहुतेक गिऱ्हाइकं सोयरीक ठरवण्याआधी मुलाची चौकशी करायला येत. गिरणीतून निवृत्त झालेले मामा भाची धनश्रीची स्कूटर चालवत आणि गरज पडेल तिथे, गरज नसेल तिथेही, आपलं मत देत.

मंगलाबाईंची कहाणी वेगळी होती. बमरोलीतल्या चौसष्ट घरांच्या एका सोसायटीत त्यांचे मालक धुडकू नऊ वर्षं वॉचमन होते. आज, मंगळवारी, सकाळी पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं कुलूप कापलेलं सापडलं. पाण्यात कुणीतरी काहीतरी कालवलं, अशी आवई उठली, आणि दुपारपर्यंत सगळ्यांनाच चहा कडू लागायला लागला. नळाचं पाणी कुणी तोंडाला लावेना. गुरुवारी संध्याकाळी कमिटीची बैठक होती. टाकी रिकामी करायची आणि धुडकूला काढायचं, हे जवळपास ठरलंच होतं. नोकरीबरोबर फाटकाजवळची खोलीही जाणार होती.

“ते ड्यूटीवर झोपले म्हणतात,” मंगलाबाई म्हणाल्या. “ते झोपले तर सगळ्या सोसायटीला कळतं, ताई. घोरतात ते.”

धनश्री हसली आणि तिनं पर्स उचलली.

टाकी जमिनीखाली होती. वर लोखंडी झाकण. सोसायटीचे प्रमुख सुकलालभाऊ यांनी सकाळीच भोवती दोरी बांधून कुणी हात लावू नये अशी ताकीद दिली होती. कापलेलं कुलूप तसंच कडीत लोंबत होतं. त्याच्याखाली, झाकणाच्या कडेला, लोखंडाच्या किसाची चिमूटभर ढिगी साचली होती, कुणी रांगोळी सोडावी तशी.

“आरीनं कापलंय,” मामांनी निदान केलं.

“हो,” धनश्री म्हणाली आणि त्या ढिगीचा फोटो काढला. याच टाकीवरच्या शेजारच्या नळाचं पाणी तिनं बाटलीत भरलं आणि ते तपासणीसाठी प्रयोगशाळेत द्यायचं ठरवलं.

धुडकूनं सांगितलं ते सरळ होतं. पहाटे सव्वापाच ते सहा नळाला पाणी येतं. तेवढा वेळ तो मागच्या बाजूला मोटारीपाशी असतो, आणि मोटारीच्या घरघरीत त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. ही वेळ सोसायटीतल्या लहान पोरालाही ठाऊक होती. बोलताना तो सारखा टोपी काढत होता आणि घालत होता.

टाकीसमोरच्या घरात अंजनाबाई राहत. साडेपाचला त्यांनी खर्र खर्र ऐकलं होतं. कुणी सायकल दुरुस्त करत असेल असं वाटून त्या पुन्हा कुशीवर वळल्या. पण झोप काही लागली नाही.

“आणि झाकण उघडल्याचा आवाज?” धनश्रीनं विचारलं.

“माले झाकणना आवाज उना नही,” त्या म्हणाल्या.

त्या झाकणाच्या बिजागऱ्या अशा किंचाळत की त्यांची मांजर पलंगाखाली पळे. रविवारी प्रमुख आपल्या किल्लीनं टाकी उघडून महिन्याची पाहणी करत होते तेव्हाही पळाली होती. त्यातच वाकल्या वाकल्या सुकलालभाऊंना जोराची शिंक आली, आणि मांजर बाहेर यायलाच तयार नव्हती. दर वेळी भाऊ अंजनाबाईंकडे चहा घेत. त्या दिवशी मात्र तोंडाला रुमाल लावून हातानंच ‘नको’ म्हणत निघून गेले.

फाटकाबाहेर सुशांत उभा होता. तो टेम्पोतून पाण्याचे जार विकायचा. मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आधीच गडबडला. आज त्याचा माल नऊलाच संपला होता. रोजचेच तीस जार आणले होते. माणसं परत पाठवावी लागली, आणि आता तीच माणसं कुलूप त्यानंच कापलं म्हणत होती.

“चोराच्या मनात चांदणं,” मामा नंतर कुजबुजले. “धंदा कुणाचा वाढला? याचा.”

धनश्रीनं वहीत ‘तीस जार’ एवढंच लिहिलं. तिला ते पटलं असं मामांना वाटलं.

सुकलालभाऊंकडे सून राखीनं पोह्यांवर कुरकुरीत शेव घालून बशा पुढे केल्या. भाऊंनी मात्र खाल्लं नाही. त्यांची दाढ दुखत होती. रविवारपासून नुसती मऊ खिचडी चालू आहे, दवाखान्यात चला म्हटलं तर ऐकत नाहीत, असं राखी काळजीनं सांगत होती. फेब्रुवारीत लग्न होऊन ती या घरात आली होती. भिंतीवर त्या लग्नाचा फोटो होता. त्यात भाऊ मनमोकळं हसत होते, दातांची ओळ मोगऱ्याच्या कळ्यांसारखी शुभ्र आणि एकसारखी.

भाऊंनी खिशातून चुन्याची डबी काढली. चाळीस वर्षांची सवय, म्हणाले, आणि तळहातावर तंबाखू मळली. पण तोंडात न टाकताच पुडीत परत ओतली. मग रुमालाआडून त्यांनी ठासून सांगितलं की टाकी ताबडतोब उपसायला हवी. गेल्याच महिन्यात ती साफ झाली होती, आणि पावसाळ्यापर्यंत थेंबही वाया घालवायचा नाही, असं त्यांनीच बैठकीत बजावलं होतं. पण आता नाइलाज होता.

धुडकूविषयी विचारल्यावर मात्र ते खिडकीबाहेर बघू लागले. “माणूस वाईट नाही,” एवढंच म्हणाले.

गुरुवारी बैठकीला सगळी सोसायटी जमली. मामा पुढच्या खुर्चीत बसले आणि सुशांतवर नजर ठेवून राहिले.

धनश्रीनं आधी प्रयोगशाळेचा कागद वाचला. पाण्यात काहीही मिसळलेलं नव्हतं. मग तिनं ढिगीचा फोटो दाखवला.

“कुलूप कापलं तेव्हा कीस झाकणावर पडला. त्यानंतर झाकण उचललं असतं तर तो घसरून गेला असता. तो जागचा हललेला नाही. अंजनाबाईंनीही करवतणं ऐकलं, बिजागऱ्या ऐकल्या नाहीत. म्हणजे मंगळवारी टाकी उघडलीच गेली नाही.”

कुजबुज झाली. कुलूप कापून झाकण उघडायचं नाही, हा कुठला चोर?

“ज्याला पाणी नासवायचं नव्हतं, फक्त नासलंय असं वाटायला हवं होतं. सुशांत असता तर त्यानं त्या दिवशी जास्त जार आणले असते. त्याला काही ठाऊकच नव्हतं.”

मामांनी खुर्चीत जरा सरकून बसत सुशांतवरची नजर काढली.

“मग टाकी रिकामी झाल्यानं कुणाचा फायदा? ज्याची वस्तू आत पडलीय त्याचा. साफसफाई नुकतीच झालेली, पाणी जपायचा नियम कडक. घबराट उडाल्याशिवाय टाकी उपसणार कोण? टाकी शेवटची उघडली ती रविवारी, किल्लीनं. ज्याच्याकडे किल्ली आहे तो कुलूप कापेल असा संशय कुणाला येणार?” ती थांबली. “आत काय पडलंय ते मी सांगणार नाही. पण धुडकूभाऊंची नोकरी जातेय.”

मग सुकलालभाऊ उठले आणि त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला. वरचा जबडा पार मोकळा होता.

शिंक आली आणि कवळी थेट पाण्यात गेली, असं त्यांनी सांगितलं. तंबाखूनं दात केव्हाच गेले होते. मुलाच्या लग्नाआधी गुपचूप कवळी बसवली. नव्या सुनेसमोर बोळका सासरा नको म्हणून. टाकी उपसली की गाळात पहिला हात आपला घालायचा, एवढाच बेत होता. धुडकूवर बालंट येईल हे डोक्यातच आलं नव्हतं. आलं तेव्हा तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

“धुडकू, चूक माझी,” ते म्हणाले. “नऊ वर्षांत तू एक दिवस चुकला नाहीस.”

तेवढ्यात कुणाला तरी आठवलं की रविवार-सोमवार सगळे तेच पाणी प्यायले होते. दोघातिघांनी तोंडावर हात धरला. मग अंजनाबाईंना हसू फुटलं.

“भाऊ, दात पडनात, त्यामा लाजानं काय?” त्या म्हणाल्या, आणि सगळी बैठक हसत सुटली. राखीवर तर डोळे पुसायची वेळ आली.

घरी परतताना मामांनी विचारलं, कवळीच आहे हे कळलं कसं?

“चाळीस वर्षं तंबाखू खाणाऱ्याचे दात फोटोतल्यासारखे असतात का, मामा?”

टाकी मात्र आता खरोखरच उपसावी लागली. शनिवारी त्या पाण्यात बायकांनी गोधड्या, चादरी, परकर धुवायला काढले, पोरांनी जिने धुतले, आणि एक बादलीही गटारात गेली नाही. कवळी सापडली. भाऊंनी ती हातरुमालात बांधून घेतली आणि उरलेला दिवस तसेच बोळक्यानं हसत फिरले.

नोकरीवर राहायला धुडकूनं एकच अट घातली होती. झाकणाखाली जाळी बसवायची, आणि यापुढे टाकी उघडायची ती दोन किल्ल्यांनी. एक प्रमुखांकडे, एक त्याच्याकडे. संध्याकाळी टाकी पुन्हा भरली. भाऊंनी आपलं कुलूप लावलं, बाजूला झाले, आणि धुडकूनं सगळ्यांसमोर दुसरं कुलूप खटकन बंद केलं.